राणीसाहेब, आसन ग्रहण करा

इंग्लंडची राणी गेली त्याच आठवड्यात आमचा राजा गेला. तिच्या बातम्या टीव्हीवर दहा-बारा दिवस चालल्या. आमच्या राजाचा एक फ्लेक्स लांज्याच्या एसटी स्टँडसमोर लागला, आणि त्यावरही आमच्या नमन मंडळाच्या बाळाने फोटो टाकला तो आधार कार्डावरचा. मुकुटातला देखणा फोटो माझ्याकडे होता, पण मला विचारतो कोण.

आमचा राजा म्हणजे सखाराम. थोडी भातशेती, वीसेक काजूची झाडं आणि एक मारकी म्हैस, एवढंच त्याचं राज्य. पण शिमगा आला की वाडीच्या नमनात तो राजा व्हायचा. ज्यांनी नमन पाहिलं नाही त्यांना सांगतो: आधी मृदंगावर गणपतीचं स्तवन, मग कृष्ण आणि गवळणींची थट्टामस्करी, आणि शेवटी वग. वगाची गोष्ट दर वर्षी वेगळी असते, पण तिच्यात एक राजा लागतोच, आणि राजा म्हटला की राणी आलीच. पूर्वी नमनात बाया काम करत नसत. म्हणून आमच्या वाडीची राणी मी.

मी भिकाजी. स्टँडच्या मागे माझं शिलाईचं दुकान आहे, बायकांचे ब्लाउज शिवतो. अंगाने किडकिडीत, आवाज बारीक, आणि मिशी मी आयुष्यात कधी ठेवली नाही, ती राज्यकारभारासाठी. तीस शिमगे मी सखारामच्या डाव्या बाजूला उभा राहिलो. गोष्ट कुठलीही असो, दरबाराचा प्रवेश ठरलेला. ललकारी व्हायची, सखाराम कमरेवर हात ठेवून यायचा, लोकांकडे एकदा बघायचा, मग मान डावीकडे वळवून म्हणायचा, "राणीसाहेब..." इथे तो थांबायचा. किती थांबायचं ते त्याचं त्यालाच ठाऊक. पोरं चुळबुळ करायची थांबली की मग पुढचं, "आसन ग्रहण करा." आणि मी बसायचो. तेवढं बसणं बघायला शेजारच्या वाड्यांतून माणसं येत. खोटं सांगत नाही.

हे वगापुरतं राहिलं असतं तर मी आज हे लिहायला बसलो नसतो. सखारामने ते बाहेर आणलं. स्टँडवर भर गर्दीत तो माझ्या दुकानासमोर उभा राहून हाक मारायचा, "ओ राणीसाहेब, दोन कटिंग सांगा." परगावची माणसं वळून बघायची, कोण राणी म्हणून, आणि त्यांना दिसायचा गळ्यात टेप अडकवलेला मी. पहिल्यांदा मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग सवय झाली. मग असे दिवस आले की तो चुकून 'भिकाजी' म्हणाला तर मी विचारायचो, काय रे, माझं काही चुकलं का. माझी बायको काशी म्हणायची, "बाहेर राणी आणि घरात आल्यावर भाताला पाणी जास्त झाला म्हणून ओरडणार. असली कसली राणी."

सखाराम गेला तेव्हा टपरीवर सगळे इंग्लंडच्या गादीवर वाद घालत होते. राजाची बायको राणी होते, तर राणीचा नवरा राजा का नाही झाला? आता नव्या राजाच्या बायकोला राणी म्हणायचं की आणखी काही? लांज्यात बसून ह्यांना लंडनची काळजी. टीव्हीवाला सांगत होता की तिकडे गादी क्षणभरही रिकामी राहत नाही, आईचा श्वास थांबला की मुलगा राजा झालाच. मी चहा ढवळत ऐकत होतो. जुन्या राजाची राणी पुढे काय होते, हे मात्र कोणी विचारत नव्हतं, आणि मला तेवढंच विचारायचं होतं.

आमची गादी क्षणभर कसली, दीड वर्ष रिकामी होती. गादी म्हणजे बाळाच्या घरातली सागवानी खुर्ची आणि तिच्यावर घालायची लाल मखमल. पहिल्या शिमग्याला सखारामचं वर्षही झालं नव्हतं, म्हणून वग ठेवलाच नाही. खुर्ची बाळाच्या माळ्यावर धूळ खात पडली. ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. मशीनवर पाय चालायचा आणि कान स्टँडकडे असायचे. गाड्यांचे भोंगे, कंडक्टरच्या आरोळ्या, कोळणींचा आवाज, सगळं ऐकू यायचं. तेवढी एक हाक येत नव्हती. मला सखाराम हवा होता. ह्याला दुसरे शब्द नाहीत माझ्याकडे.

पुढच्या वर्षी माघ लागता लागता देवळात बैठक झाली. बाळा आमच्या मंडळाचा अध्यक्ष, हार्डवेअरचं दुकान चालवतो, त्यामुळे प्रत्येक गोष्ट त्याला खिळा ठोकल्यासारखी पक्की करायची असते. त्याने सांगितलं, नवा राजा शुभंकर. सखारामला मुलगा नव्हता, एक मुलगी राजश्री, ती लग्न करून चिपळूणला. शुभंकर त्याचा पुतण्या, दापोलीला शेतकी कॉलेजात शिकतो, उंचापुरा पोरगा. काकाचे सगळे वग त्याने मोबाईलवर बघून पाठ केलेत. हे मला मान्य होतं. गादी घरातच राहिली.

"आणि राणीचं काम ह्या वर्षीपासून सानिका करील," बाळा म्हणाला. सानिका त्याचीच मुलगी. "आता मुली करतात सगळीकडं. बाप्यांनी साड्या नेसायचे दिवस गेले."

"बरं," मी म्हणालो. "मग मी जातंय घरी."

"अरे बस. तुला काढलाय कोणी? तुला बढती. तू राजमाता."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. राजमाता म्हणजे केवढा मान, असं एक जण म्हणाला. मान मलाही कळतो. पण राजमाता म्हणजे जिचा राजा मेला ती राणी. हा किताब मिळण्याआधी काय जावं लागतं, ते टाळ्या वाजवणाऱ्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

"पांढरी साडी लागेल," बाळाने पुढचा खिळा ठोकला. "आणि कपाळ मोकळा."

"मी पांढरा नाय नेसणार."

"भिकाजी, नाटकं करू नको. आजवर तुला हिरवीच पाहिजे, गजराच पाहिजे, सगळा दिला. आता राजा मेलाय ना कथेत."

"कथेत?" मी विचारलं, आणि चपला घालून बाहेर पडलो.

घरी जाऊन मी काशीवर उगाच डाफरलो. तिने ताट वाढून पुढे ठेवलं. माझं रागावणं आणि रडणं एकाच डब्यात ठेवलेलं असतं, हे तिला माहीत आहे.

काम सोडून द्यायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं. पण राजाचा अंगरखा राहिला होता. जांभळ्या मखमलीचा तो अंगरखा मीच सखारामच्या मापाने शिवलेला, आणि तो होता त्याच्या घरी, पेटीत. शुभंकरच्या अंगाला बसवायला दुसऱ्या कुणाच्या हातात मी तो दिला नसता. म्हणून एके दिवशी दुपारी आनंदीवहिनीकडे गेलो.

आनंदीबाई म्हणजे सखारामची बायको. खळ्यात बसून ती कुळीथ पाखडत होती. अंगावर राखी रंगाची विटकी साडी, कपाळ मोकळं. मला बघून तिने सूप खाली ठेवलं.

"या भावजी. अंगरख्यासाठी आलाव ना?"

"व्हय वयनी."

तिने अंगरखा आणून माझ्या मांडीवर ठेवला. दीड वर्ष पेटी उघडली नव्हती म्हणे. डांबराच्या गोळ्यांचा वास होता, आणि त्याच्याखाली दुसरा एक वास, तो आम्हां दोघांनाही ओळखू आला. मग मी तिला बैठकीत झालेलं सगळं सांगितलं. सानिका, राजमाता, पांढरी साडी, सगळं.

ती ऐकता ऐकता हसली. "म्हणजे आता विधवा तुमी होणार. मग मी कोण?"

मी गोरामोरा झालो. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आपला माझंच दुःख कवटाळून बसलेला.

"तसा नव्हे वयनी..."

"अवो थट्टा केली. भावजी, एक सांगू? रागावू नका." तिने सूप पुन्हा हातात घेतलं, पण पाखडलं नाही. "तीस वर्सं मी पुढं बसून बघितला. ते तुमाला म्हणायचे, राणीसाहेब, आसन ग्रहण करा. काय तो आवाज. आणि घरी आले की मला म्हणायचे, अगो, पाणी दे."

"सगळेच तसा म्हणतात वयनी."

"व्हय तर. वाईट होते असा नाय म्हणत मी. कधी हात उगारला नाय, कधी उपाशी ठेवला नाय. पण मला आपला वाटायचा, एकदा. घरात, कोणी नसताना. मला म्हणावा त्यांनी, राणीसाहेब. थट्टेत म्हटला असता तरी चालला असता." मग तिने कुळथातला एक खडा उचलून लांब टाकला. "मेला, ह्या वयात काय बोलतंय मी."

जी हाक मी स्टँडवरच्या गोंगाटात शोधत होतो, ती ह्या बाईने कधी ऐकलीच नव्हती. मला ती रोज मिळाली होती, कटिंग चहाबरोबर, फुकट. माझं निदान गेलं तरी होतं. तिला मिळालंच नव्हतं.

ती उठून आत गेली आणि एक साडी घेऊन आली. हिरवीगार, जरीच्या काठाची, घडी जवळजवळ न मोडलेली.

"ही नेसा. गेले त्याच्या आधीच्या दिवाळीत ह्यांनी आणलानी, माझ्यासाठी. एकदाच नेसलंय. आता मला नेसू देतील काय लोक? तुमाला कोण बोलणार. खेळात सगळा चालता."

"बाळा बोलेल. राजमाता आणि हिरव्यात?"

"त्याला सांगा, आनंदीनं सांगितलान. आणि कुंकू लावा. एका माणसासाठी एक कपाळ मोकळा झाला तेवढा पुरे."

अंगरखा आणि साडी पिशवीत घालून मी परत आलो. एका सखारामात दोन शुभंकर मावले असते, इतका फरक. मी दोन्ही बगलांतून अंगरखा आत घेतला, पण कापड कापलं नाही, आत दुमडून टीप मारली. नवा राजा पुढेमागे अंगाने भरेल, असं बाळाला सांगितलं. ते खरं कारण नव्हतं. सखारामचं माप माझ्याच्याने कापवलं नाही.

बाळा साडीवरून बोललाच. "लोक काय म्हणतील" झालं, "कथेला धरून नाही" झालं. मी म्हटलं, आनंदीवहिनीला जाऊन सांग. तो गेला नाही. वहिनीसमोर भलेभले गप्प बसतात.

तालमी चांगल्या झाल्या. शुभंकर गुणी पोरगा. काकासारखा कमरेवर हात, काकासारखी ती एक नजर लोकांवर. आवाज तर असा की मी दोनदा पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेलो. त्याचं वाक्य आता बदललं होतं. राज्याभिषेक झाल्यावर नवा राजा आधी आईचा मान राखतो, म्हणून त्याने डावीकडे माझ्याकडे वळून म्हणायचं, "आईसाहेब, आसन ग्रहण करा." मी बसल्यावर मग तो, मग उजवीकडे उभी असलेली राणी. सानिकानेही मला बसायचं कसं ते विचारून घेतलं, पदर कुठे धरायचा, मान केवढी वळवायची. मी शिकवलं. मनापासून शिकवलं, खोटं कशाला बोलू. फक्त तालमीला मी आपला पँट-शर्टात असायचो.

वगाचा दिवस आला. हल्ली दहाला स्पीकर बंद करावा लागतो, म्हणून सातलाच गण सुरू झाला. देवळासमोरचं पटांगण भरलं होतं, मुंबईकर आले होते, शेजारच्या वाड्या आल्या होत्या. बाया पुढे चटयांवर बसल्या होत्या. आनंदीवहिनी अगदी पुढे, नेहमीच्या जागी. सखाराम गेल्यापासून ती पहिल्यांदाच खेळाला आली होती. तीच राखी साडी. मी पडद्याच्या फटीतून बघितलं आणि माझ्या अंगावरची हिरवी साडी मला एकदम जड वाटली. काशीने मला कुंकू लावलं आणि म्हणाली, "हळू चाल, पायघोळ झालीय."

ललकारी झाली. राजाधिराज, प्रजाप्रतिपालक, दरिया आणि डोंगराचे धनी. नावापाशी लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, कारण आमच्याकडे वगातला राजा नटाचंच नाव घेतो. इतकी वर्षं तिथे सखाराम महाराज ऐकलेले कान, आता शुभंकर महाराज. गादी भरली म्हणायची.

तो आला. जांभळा अंगरखा, कमरेवर हात. लोकांकडे एकदा बघितलं. मग मान डावीकडे वळवली. तिथे त्याला दिसली हिरवी साडी, कुंकू, गजरा. मोबाईलवर शंभरदा बघितलेली तीच मी, त्याच जागी. पोराच्या तोंडून गेलं, "राणीसाहेब..." आणि तो थांबला. जितकं थांबायचं तितकंच. "आसन ग्रहण करा."

आधी कोणाला कळलं नाही. मग मागून कोणीतरी फिसकन हसलं, आणि पटांगणभर हशा उसळला. पोराने आईलाच बायको केलं. सानिकाने पदर तोंडाला लावला. बाळा विंगेत कपाळ धरून उभा. शुभंकरच्या लक्षात आलं तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

मला हसू ऐकू येत नव्हतं. दीड वर्ष कान लावून बसलो होतो ती हाक आली होती. तोच आवाज, तोच अंगरखा, तेच थांबणं. मागे खुर्ची होती. मला फक्त बसायचं होतं, एकदाच, तीस वर्षं बसलो तसं. गुडघे आपोआप वाकायला लागले होते.

आणि मला वहिनी दिसली. सगळं पटांगण हसत होतं, ती हसत नव्हती. तोंड किंचित उघडं, मान वर, आवाज जिथून आला तिकडे बघत होती. हात पदराकडे निघाला होता आणि अर्ध्यात थांबला होता. हाक आली की माणूस उठायला लागतो आणि मग ध्यानात येतं की हाक दुसऱ्याला होती, तशी ती बसली होती.

मी सरळ उभा राहिलो. वगात चुकलं तर चुकल्यासारखं दाखवायचं नाही, ते पुढे न्यायचं, ही आमची पद्धत. मी राजमातेच्या आवाजात म्हणालो, "राजन, आपली नजर चुकली. आम्ही राणीसाहेब नव्हे. आम्ही इतके दिवस त्यांची जागा राखत होतो." हशा ओसरला. "राणीसाहेब त्या तिथे पुढे बसल्या आहेत. त्यांनी आसन घेतल्याशिवाय ह्या दरबारात कोणी बसत नाही."

शुभंकर हुशार. क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग रंगमंचाच्या कडेला गेला, वाकून मुजरा केला, आणि सरळ होऊन काकूकडे बघत म्हणाला, "राणीसाहेब..."

पोरंसुद्धा गप्प झाली.

"आसन ग्रहण करा."

आनंदीवहिनी बसलेलीच होती. ती उठली. एका हाताने गुडघा धरून, हळूच. बाजूच्या बायकांना वाटलं ती आता घरी निघाली. तिने राखी साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून नीट घेतला, एकदा स्टेजकडे बघितलं, आणि मग त्याच चटईवर, त्याच जागी, पुन्हा बसली. पण काय बसली. सानिकाला मी महिनाभर शिकवत होतो ते बसणं ह्या बाईला कोणी शिकवलं नव्हतं. मागून कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

ती रडत नव्हती. तिने मला हाताने खूण केली, खेळ चालू द्या म्हणून.

मग राजा गादीवर बसला. उजवीकडे नवी राणी बसली, चांगली बसली. प्रधान आला, परचक्राची बातमी आली, वग सुरू झाला. मला आसन ग्रहण करायला सांगायचं मात्र त्या गडबडीत राहूनच गेलं, आणि राजाने सांगितल्याशिवाय दरबारात बसता येत नाही. पुढचा सगळा प्रवेश मी उभ्यानेच केला.